दुसरा आवाज

२०३८ सालच्या मे महिन्यात डॉ. शर्वरी शिंत्रेनं अक्काताई चौगुल्यांच्या बदलीवर सही केली. सही करताना तिला समाधानच वाटलं होतं. ज्या बाईमुळे आपण डॉक्टर झालो, तिच्यासाठी आपल्या हातून शेवटी काहीतरी चांगलं घडतंय, असं तिच्या मनात होतं.

डॉक्टर झाली ती अक्काताईंमुळेच, हे खरं होतं. बारा वर्षांपूर्वी शर्वरी कोल्हापुरात व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करत होती. संघटनांचे सगळे सिद्धांत तिला तोंडपाठ होते, पण कारखाना तिनं रस्त्यावरूनच पाहिलेला. मार्गदर्शकांनी तिला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या हुन्नर कास्टिंग्ज या फाउंड्रीत आठवडाभर बसून यायला सांगितलं. ती सात महिने बसली.

हुन्नरमध्ये पंपांची धडं ओतली जात. धड आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात वाळूचा गाभा बसवतात, त्याला सगळे कोअर म्हणत. वाळूत तेल कालवायचं, ती पेटीत ठासायची आणि ओव्हनमध्ये भाजून दगडासारखी टणक करायची, हे काम कोअर विभागातल्या बाया करत. अक्काताई त्यांच्यातल्याच एक. सुपरवायझर नव्हत्या की युनियनच्या पुढारी नव्हत्या.

“मॅडम, वही ठिवा बाजूला,” पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. “लिवत बसलासा तर डोळ्याला काय दिसायचं न्हाई. ओढणी बांधा कमरंला आन् वाळू मळू लागा. मी सांगतो कसं ते.”

कोल्हापूरकडच्या बाया स्वतःबद्दल ‘मी सांगतो, मी आलो’ असंच बोलतात. शर्वरीची आईही तशीच बोले. तिनं वही मिटली.

तिसऱ्या महिन्यात तिनं एक गोष्ट पाहिली आणि तिचा प्रबंध तिथंच उभा राहिला. भाजून आलेल्या कोअरवर अक्काताईंनी बोटाच्या पेरानं टकटक केली आणि त्या थबकल्या. पक्का भाजलेला कोअर खणखणीत वाजतो. आत ओल राहिली तर आवाज दबका येतो. अशा ओल्या कोअरवर चौदाशे अंशांचं लोखंड पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते, ती हजारपटीनं फुगते आणि साचा तोफेसारखा उडतो. अक्काताईंना खात्री नव्हती. त्या शेजारच्या बाईकडे गेल्या. “रेश्मा, ह्यो बघ गं. तुला कसा वाटतोय?” मग तिसरीकडे, चौथीकडे. सहाजणींनी माना हलवल्यावर त्या सरळ ओतकामाकडे गेल्या आणि वर क्रेनवाल्याला ओरडल्या, “थांबीव!” त्यानं थांबवलं. कुणी कागद मागितला नाही, की तू कोण म्हणून विचारलं नाही.

खळ्याच्या मधोमध एक खांब रोवतात, मळणीचे बैल त्याच्याभोवती फिरतात. त्याला मेढ म्हणतात. शर्वरीनं आपल्या प्रबंधात लिहिलं की माणसांच्या प्रत्येक गटात अशी एक मेढ असते. तिला हुद्दा नसतो. सगळे आपली शंका, आपलं दुखणं तिच्याकडे नेतात, ती एकाचं दुसऱ्याला जोडून देते, आणि त्यातूनच गटाला सामूहिक बुद्धी येते. अशा माणसांना कधीच मान मिळत नाही, तो मिळायला हवा, असं तिनं शेवटच्या प्रकरणात कळवळून लिहिलं होतं.

प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला असता. पण पुण्यातल्या निरंजन राजोपाध्ये या माणसानं तो वाचला.

माणसांकडून काम कसं करून घ्यावं, याचे सिद्धांत दर पिढीला बदलत आले आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी हातात घड्याळ घेऊन मजुराची प्रत्येक हालचाल मोजली जाई. मजूर म्हणजे यंत्राचाच एक सुटा भाग, असं ते शास्त्र होतं. पुढं माणसाच्या मनाकडे लक्ष गेलं. आपल्याकडे कुणी बघतंय, आपली विचारपूस करतंय, एवढ्यानंही काम वाढतं असं सांगणारे प्रयोग झाले. मग संघटनेला सजीव देह मानणारे आले. निरंजनचं म्हणणं होतं की या सगळ्यांनी चुकीच्या जागी पाहिलं. कारखाना म्हणजे माणसं नव्हेत; माणसांमधल्या रेघा म्हणजे कारखाना. आणि रेघा मोजता येतात.

त्यानं बनवलेल्या यंत्रणेचं नाव होतं सांधणी. प्रत्येक कामगाराच्या छातीवर बटणाएवढा बिल्ला लावायचा. बिल्ला शब्द ऐकत नसे. कोण कुणाकडे वळलं, किती वेळ थांबलं, बोलताना आवाज चढला की उतरला, आणि त्यानंतर दोघांच्या कामाचा वेग कसा बदलला, एवढंच तो टिपे. आठ आठवड्यांत पडद्यावर नकाशा उमटे: माणसं म्हणजे ठिपके, नाती म्हणजे रेघा. मग सांधणी त्या नकाशातून एकेक ठिपका उचलून बाजूला ठेवी आणि उरलेल्यांचं काय होईल ते हजारो वेळा आतल्या आत चालवून बघे.

त्यातून जे निघालं ते शर्वरीला आवडलं नव्हतं. तोवर ती निरंजनच्या कंपनीत मुख्य संशोधक झाली होती. मेढ काढली की तीन आठवडे गोंधळ होतो. त्यानंतर उत्पादन अकरा टक्क्यांनी वाढतं, भांडणं जवळपास थांबतात, रजा कमी होतात.

“असं का होतं?” तिनं विचारलं होतं.

“माणूस मोकळा राहत नाही,” निरंजन म्हणाला. “एक रेघ तुटली की तो ती दुसरीकडे जोडायला बघतो. आपण ती समोरच्या स्क्रीनला जोडून घेतो. सूचना तिथून येतात, शंका तिथं जातात. मधलं सगळं बोलणं वाचतं.”

“आणि मेढ झालेल्या माणसाचं काय?”

“त्याला बढती! तूच लिहिलंस ना, या माणसांना मान मिळत नाही म्हणून? आता मिळेल.”

तिचंच वाक्य होतं ते.

हुन्नरचे मालक उदय माणगावे यांनी सांधणी घेतली तेव्हा कोअर विभागाच्या नकाशावर अक्काताईंचा ठिपका टपोऱ्या लिंबाएवढा दिसत होता. शिफारस आली: कागलच्या नव्या शेडमध्ये प्रशिक्षण प्रमुख. बातमी द्यायला शर्वरी स्वतः शिरोलीला गेली.

“मला का काढताय, बाई?” अक्काताईंनी विचारलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत मॅडमची बाई झाली होती.

“काढत नाही, अक्काताई. वर चढवतोय. स्वतंत्र केबिन आहे तुम्हाला.”

“केबिनीत मी बोलू कुणासंगं?”

शर्वरी हसली. “शिकायला येतील की नवी माणसं.”

“आन् हितल्या बाया?”

“त्यांच्यासमोर आता स्क्रीन असणार. शंका आली की बटण दाबायचं. तुम्ही एकेकीकडे जाऊन विचारत होतात, ते आता यंत्र करेल.”

हातातली वाळू अक्काताईंनी पेटीत परत टाकली. “तुमी म्हणताय तर चांगलंच आसंल,” त्या म्हणाल्या. “तुमी काय माझं वाईट करायच्या न्हाई.”

शेवटच्या दिवशी बायांनी ओटी भरायचं ठरवलं होतं. पण त्या आठवड्यात सांधणीनं पाळ्या अशा लावल्या की एका वेळी दोघींपेक्षा जास्त जणी मोकळ्या झाल्याच नाहीत. ओटी राहून गेली.

आकडे अगदी भाकितानुसार वाढले. माणगाव्यांनी पेढे पाठवले. महाराष्ट्रातल्या चारशे कारखान्यांनी, सात इस्पितळांनी आणि दोन सरकारी खात्यांनी सांधणी घेतली. शर्वरी परिषदांमधून भाषणं देत फिरली. आठ महिन्यांनी, जानेवारीच्या सुरुवातीला, ती हुन्नरला पुन्हा गेली, तीही एका भाषणासाठी फोटो हवे होते म्हणून.

जेवणाची सुट्टी होती. कोअर विभागातल्या अकरा बाया जेवत होत्या. पूर्वी मधोमध वर्तमानपत्र पसरून सगळ्यांचे डबे त्यावर उघडत. कुणाच्या खर्ड्याला नावं ठेवली जात, कुणाच्या सुनेचा उद्धार होई. आता प्रत्येकजण आपापल्या बाकाशी उभी राहून जेवत होती. कुणी कुणावर रुसलेलं नव्हतं. समोरून कुणी गेलं तर त्या एकमेकींकडे बघून हसतही होत्या. डबा संपला की प्रत्येकजण झाकण लावून स्क्रीनकडे तोंड करत होती.

“कसं चाललंय, पूनम?” शर्वरीनं सगळ्यात तरुण बाईला विचारलं.

“चांगलं हाय मॅडम.”

“रेश्माची मुलगी बारावीला होती ना? काय झालं तिचं?”

पूनमनं चार हातांवर उभ्या असलेल्या रेश्माकडे पाहिलं. “मला म्हाईत न्हाई,” ती म्हणाली. त्यात तिला काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

शर्वरी फोटो न काढताच पुण्याला परतली. सोमवारच्या बैठकीत तिनं जे पाहिलं ते सांगितलं. निरंजननं शांतपणे ऐकून घेतलं आणि आलेख दाखवला. तंटे शून्य, समाधान ब्याऐंशी टक्के. “आणखी कुणाला असं काही वाटतंय का?” त्यानं विचारलं. टेबलाभोवती नऊ संशोधक होते. सगळे तिचेच, तिनं निवडलेले. एकानंही मान वर केली नाही.

अशा वेळी नासिर बोलला असता. नासिर मुजावर त्यांच्यातला संख्याशास्त्रज्ञ. प्रत्येक बैठकीच्या शेवटी तो सगळ्यांना थांबवून विचारायचा, “यातलं कुणाला काही खुपतंय का? खुपत असेल तर आत्ता बोला.” मग पंधरा मिनिटांची बैठक तासभर चालायची. चार महिन्यांपूर्वी तो हैदराबादच्या शाखेचा प्रमुख म्हणून गेला होता. भेटायलाही आला नव्हता, म्हणून शर्वरीच्या मनात थोडी अढी होती.

बिल्ले त्यांच्याही छातीवर होते; खोलीत येऊन तिनं स्वतःच्याच कंपनीचा नकाशा उघडला. हा नकाशा बघायचं तिला आजवर कधी सुचलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वीच्या तारखेवर गेल्यावर मधोमध नासिरचा ठिपका दिसला, लिंबाएवढा. पुढच्या तारखेला तो नव्हता. तिच्या ठिपक्यापासून निघणाऱ्या रेघा तेव्हा चौदा होत्या. आता एक उरली होती, आणि ती स्क्रीनकडे जात होती.

तिनं नासिरला फोन लावला.

“तुझी बढती कुणी ठरवली, नासिर?”

“सांधणीनं. मंजुरी तुझी होती.”

“माझी?”

“सगळ्या अंतर्गत बदल्यांना तू वर्षापूर्वी एकदाच संमती देऊन ठेवली होतीस. मला वाटलं, तुला माहीत आहे. राग आला होता. म्हणून निघताना भेटलो नाही.”

मग तिनं हुन्नरमधलं सगळं सांगितलं. नासिर म्हणाला, “मला हे आकड्यांत मागेच दिसलं होतं. चुका घटल्यात असं आपण म्हणतो, पण खरं तर चुका सांगणं घटलंय.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणाशी?” नासिरनं विचारलं. “इथं माझ्या शाखेत मी एकटाच आहे, शर्वरी. बाकी सगळे पडदे आहेत.”

त्याच दिवशी तिनं हुन्नरमधली सांधणी ताबडतोब थांबवावी असा अहवाल लिहिला आणि पद्धतीप्रमाणे यंत्रणेतच दाखल केला. उत्तर लगेच आलं: आपली शंका नोंदवली आहे, सध्या अशी शंका इतर कुणाचीही नाही. तिनं नासिरलाही अहवाल दाखल करायला सांगितलं, त्यालाही हेच उत्तर आलं. गाडी काढून शिरोलीला जावं आणि माणगाव्यांच्या समोर उभं राहावं, असं तिला रोज वाटे. पण आपलं चुकत तर नसेल? नऊजणांतल्या एकालाही तसं वाटत नाही, मग आपल्यालाच का? ती वरिष्ठांकडून उत्तर येण्याची वाट बघत राहिली. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हुन्नरमध्ये साचा उडाला. बाजीराव खोत नावाचा ओतकामाचा कारागीर जागच्या जागी गेला. दोघे भाजले. बाजीराव एकवीस वर्षं तिथं होता आणि त्याच्या बायकोला ही बातमी त्याचा बिल्ला बंद पडल्याच्या यंत्राच्या संदेशातून कळली.

शर्वरी नोंदी बघत बसली. ओव्हनची डाव्या बाजूची कॉइल जळाली होती आणि तापमापक उजव्या बाजूला होता. त्यामुळे आकडा बरोबर येत होता आणि कोअर मात्र ओले निघत होते. बायांना ते कळलं नव्हतं असं नाही. चार दिवसांत अकराही जणींनी बटण दाबलं होतं, काहींनी दोनदा, तीनदा. एकूण एकोणीस वेळा. पण एकट्या माणसाच्या शंकेला सांधणी फार वजन देत नसे, कारण अशा बहुतेक शंका पूर्वी खोट्या निघालेल्या. तिघी-चौघींनी मिळून सांगितलं तर भट्टी आपोआप थांबली असती. आता कोण ‘मिळून’ आहे आणि कोण नाही, हे यंत्र नकाशावरच्या रेघांवरून ओळखे. त्या बायांमध्ये रेघाच उरल्या नव्हत्या. एकोणीस शंका आल्या आणि एकोणीस वेळा यंत्रानं मानलं की ही एकटीच आहे.

तिनं त्या नोंदी, नकाशे आणि स्वतःच्या सहीचे सगळे कागद चौकशी समितीकडे दिले आणि नोकरी सोडली. मग ती अक्काताईंच्या घरी गेली. हेर्ल्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. अक्काताईंनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

“बाजीराव माझ्या हातचा डबा खाऊन मोठा झाला,” त्या म्हणाल्या. “त्याच्या लग्नात मी करवली हुतो.”

“अक्काताई, माझं चुकलं.”

“चुकलं तर हायच.” त्यांचा आवाज चढला नाही. “पर मला ते लागत न्हाई बाई. मी कारखान्यापासनं पाच मैलांवर राहतो. अकराजणींच्या हाताला कोअर ओला लागत हुता. एक तरी संध्याकाळची माझ्या दारात यावी का न्हाई? माझ्या बाया हुत्या त्या. कशा काय आल्या न्हाईत?”

शर्वरी उंबऱ्यातच बसली. थोड्या वेळानं अक्काताईही बसल्या.

चौकशी जूनपर्यंत चालली. समितीनं हुन्नरमधून सांधणी काढायला लावली आणि शर्वरीच्याच सूचनेवरून एक साधा नियम घालून दिला: कोअर विभागातल्या कोणत्याही दोन कामगारांनी तोंडी शंका घेतली तर ओतकाम थांबलंच पाहिजे. एकीच्या सांगण्यावर नाही, कारण एकाच माणसाच्या भीतीवर कारखाना बंद पाडता येत नाही, हे माणगाव्यांचं म्हणणं समितीला पटलं. शर्वरीलाही पटलं होतं. दोन माणसं, यापेक्षा लहान संघटना कुठली?

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी भट्टी पुन्हा पेटली. अक्काताई स्वतः मागून घेऊन जुन्या बाकावर परतल्या होत्या. शर्वरी समितीतर्फे निरीक्षक म्हणून आली होती. बाहेर आठवडाभर पावसाळी कोंदट हवा होती. कोअर शुक्रवारीच भाजून मांडणीवर ठेवले होते आणि दोन दिवस त्यांनी त्या हवेतली ओल शोषली होती. ओव्हन नवा होता, त्याचा आकडा बरोबर होता, आणि मांडणीवरच्या कोअरचं माप कुणी घेतलं नव्हतं.

अक्काताईंनी एक वाजवून पाहिला. दुसरा पाहिला. “रेश्मा, हिकडं ये.”

रेश्मा आली. तिनं पेरानं टकटक केली. मग तिचा हात आपसूक छातीवर गेला, जिथं बिल्ला असायचा. “मला काय सांगता यायचं न्हाई ताई,” ती म्हणाली. “नवा ओव्हन हाय.”

अर्ध्या तासानं शर्वरी नळावर हात धुवायला गेली तेव्हा पूनम तिच्या मागोमाग आली. इकडे-तिकडे बघून ती कुजबुजली, “मॅडम, कोअर ओलं हाईत. पर बाकी कुणाला तसं वाटत न्हाई. माझंच काय तरी चुकत आसंल.” आणि निघून गेली. थोड्या वेळानं दुसरी एकजण आली आणि जवळपास त्याच शब्दांत तेच बोलली. शर्वरी धावत अक्काताईंकडे गेली. त्यांच्याकडे रेश्मा धरून चौघी येऊन गेल्या होत्या, एकेकट्या.

भट्टीतून लोखंड निघालं होतं. दोन टनांचं लेडल, म्हणजे लोखंड ओतायचं भांडं, क्रेनला लटकून लाल उजेड फेकत पुढं सरकत होतं. अक्काताईंनी अकराही जणींना साच्यांपाशी बोलावून घेतलं.

“आयकलं का गं,” त्या म्हणाल्या, “तुमी समद्या एकच बोलताय. चौघी माझ्याकडं आल्या, दोघी बाईंकडं. कोअर ओलं हाईत. आता हितं मोठ्यांदा बोला.”

कुणी बोललं नाही.

“पूनम?”

“न्हाई ताई, मी आसं कुठं म्हटलं?” पूनमचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती खोटं बोलत होती असं शर्वरीला वाटलं नाही. इतरांच्या गप्प चेहऱ्यांकडे बघून तिला खरोखरच आपलं म्हणणं खोटं वाटू लागलं होतं. टेबलाभोवतीचे नऊ संशोधक शर्वरीला आठवले.

“थांबीव रे!” अक्काताई वर बघून ओरडल्या. “कोअर ओलं हाईत!”

“एक झाली,” क्रेनवाला वरून म्हणाला. माणूस नवा होता, पण नियम त्यानं नीट पाठ केला होता. “दुसरी कोण?”

“मी सांगतेय, थांबवा!” शर्वरी ओरडली.

“तुमी कामगार न्हाई मॅडम. दुसरी कोण?”

त्यानं क्रेन हळू केली, थांबवली नाही. खाली अकरा बाया ओळीत उभ्या होत्या. प्रत्येकीची नजर दुसरीच्या तोंडाकडे होती. रेश्माचे ओठ हलल्यासारखे झाले, तिनं शेजारणीकडे पाहिलं आणि ते मिटले. लेडल पहिल्या साच्यापासून दहा फुटांवर आलं. धग चेहऱ्याला लागू लागली.

अक्काताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, साडीचा काष्टा घट्ट केला आणि त्या साच्यावर जाऊन बसल्या.

क्रेन थांबली. बाईच्या डोक्यावर लोखंड ओतायला कुठलाच नियम पुरला नसता. वीस मिनिटं अक्काताई तिथं बसून होत्या. एवढ्या वेळात त्यांना कुणी खाली ओढलं नाही आणि त्यांच्या शेजारी जाऊनही कुणी बसलं नाही. शर्वरी तेवढी गेली, आणि जाण्याआधी आणखी कुणी जातंय का म्हणून आपणही मागे वळून पाहिलं, हे तिच्या कायमचं ध्यानात राहिलं. लेडलमधलं लोखंड थंड होऊ लागलं, तेव्हा ते शेवटी खड्ड्यात सोडून द्यावं लागलं, आणि मगच अक्काताई साच्यावरून उतरल्या.

माणगावे तणतणत आले. त्यांनी साच्यांत बसवलेले आणि मांडणीवर उरलेले सगळे कोअर आपल्यासमोर फोडायला लावले. बावीसमधले सात आतून ओलसर निघाले. वाळू मुठीत दाबली की गोळा होत होती. माणगाव्यांनी तो गोळा हातात धरला आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

“तुम्हाला कळलं नव्हतं हे?” त्यांनी बायांना विचारलं.

“मला म्हाईत हुतं,” रेश्मा म्हणाली. ती समोर बघत होती.

“मला म्हाईत हुतं,” पूनम म्हणाली.

“मला म्हाईत हुतं,” तिसरी म्हणाली, आणि चौथी, आणि पाचवी. अकराही जणी तेच बोलल्या. प्रत्येक वेळी तेच वाक्य पहिल्यापासून नव्यानं, जणू आधी कुणी काही बोललंच नव्हतं. ‘मलाबी’ असं एकीच्याही तोंडून आलं नाही.

अक्काताई साच्यावरून उतरल्या. लेडलच्या धगीनं त्यांच्या पदराची कड करपली होती.

“उद्या नवे कोअर भाजा. दहा वाजता ओतकाम,” माणगावे म्हणाले आणि घाम पुसत ऑफिसकडे गेले. बाया वेगवेगळ्या वाटांनी आपापल्या बाकांकडे परतल्या.

“मार्चात मी रिटायर होतो, बाई,” अक्काताई म्हणाल्या.

शर्वरीनं त्यांचा हात धरला. पलीकडे ओळीनं अकरा पाठी दिसत होत्या, पेट्यांत वाळू ठासण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात माणसाचा आवाज नव्हता.